जुडी घरी आणा, निवडायला सगळे बसा



थंडी पडली की बाजार हिरवागार होतो. मेथी, शेपू, चाकवत, करडई, आंबट चुका, लाल माठ, हरभऱ्याचा पाला. पालेभाजी इतकी कोवळी आणि इतकी स्वस्त एरवी मिळत नाही. आवक वाढली की भाव इतके पडतात, की काढणीचाही खर्च निघत नाही म्हणून शेतकरी उभ्या मेथीत जनावरं सोडतो.

आणि याच महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या दर 100 बायकांपैकी 54 जणींना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 100 मागे जवळजवळ 69 आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे हे आकडे आहेत. त्याआधीच्या, 2015-16 च्या पाहणीत बायकांमधलं प्रमाण 48 होतं. म्हणजे आजार हटण्याऐवजी वाढला.

हे आकडे आपल्याच घरातले आहेत. जिना चढताना धाप लागणारी बहीण, दुपारी डोकं धरून बसणारी आई, वर्गात पेंगणारी मुलगी. ‘बायकांना थकवा यायचाच’ असं म्हणून आपण तो विषय मिटवतो. आता मिटवू नका.

या आजाराचं आणि मुंबईचं जुनं नातं आहे. 1928 मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा तिनं अभ्यास केला. त्यांच्या जेवणात भाज्या आणि फळं फार कमी होती. यीस्टचा अर्क दिल्यावर त्यांच्यात सुधारणा झाली, आणि हे निष्कर्ष तिनं 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे आपण आज ज्याला फोलेट म्हणतो ते. 1941 मध्ये शास्त्रज्ञांनी ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव दिलं. गर्भाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. दिवस राहिल्याचं अनेकींना तोवर कळलेलंही नसतं. म्हणून फोलेट शरीरात आधीपासून असावं लागतं, आणि म्हणून लग्नाच्या वयाच्या प्रत्येक मुलीच्या ताटात पालेभाजी हवी.

पानांत आणखीही पुष्कळ आहे. 100 ग्रॅम मेथीत 5 मिलिग्रॅमहून जास्त लोह असतं, पालकाच्या जवळपास दुप्पट. शेवग्याच्या पाल्यात तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून अधिक कॅल्शियम असतं. गडद हिरव्या पानांतल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते डोळ्यांना लागतं. चोथ्यामुळे पोट साफ राहतं आणि जेवणानंतर रक्तातली साखर एकदम चढत नाही.

मग ही भाजी ताटातून का गेली? कुठल्याही घरात विचारा, उत्तर एकच येतं: निवडायला वेळ नाही. देठ खुडा, पिवळी पानं काढा, तीन पाण्यांतून माती धुऊन काढा, चिरा. हे सगळं एकटीनं, तेही कामावरून आल्यावर. त्यात चार जुड्या शिजून वाटीभर होतात. आधी पुरुष जेवतात, मग मुलं. जिनं भाजी निवडली, तिच्या वाट्याला कढई पुसून घेतलेला घास उरतो. ज्या रक्ताला लोहाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ते सर्वांत कमी मिळतं.

म्हणून माझं पहिलं मागणं घरातल्या पुरुषांकडे आणि मुलांकडे आहे. टीव्हीसमोर बसता, तेव्हा पुढ्यात वर्तमानपत्र पसरा आणि जुडी सोडा. चार जण बसले तर दहा मिनिटांत भाजी निवडून होते. आणि वाढताना पहिली वाढ घरातल्या बाईच्या ताटात पडू द्या.

दुसरं मागणं रांधणाऱ्यांकडे. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर सत्त्व पाण्यात जातं. उकडलंच तर ते पाणी आमटीत किंवा कणकेत घाला. थोड्या तेलाच्या फोडणीशिवाय बीटा कॅरोटीन नीट अंगी लागत नाही. वरून लिंबू पिळा, कारण आंबटातलं क जीवनसत्त्व भाजीतलं लोह शोषायला मदत करतं. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहा हेच लोह अडवतो. मध्ये तासभर तरी जाऊ द्या. रोज पालकच हवा असं नाही. सोमवारी मेथी, बुधवारी माठ, शुक्रवारी ताकातला चाकवत, अशी पाळी लावा.

काळजीही घ्या. रक्तक्षय असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या भाजीच्या भरवशावर बंद करू नका; गोळी आणि भाजी दोन्ही हव्यात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, मूतखडा होत असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर किती आणि कोणती पालेभाजी खायची ते डॉक्टरांना विचारा.

तिसरं मागणं शाळा, वसतिगृहं, कंपन्यांची उपाहारगृहं आणि गृहनिर्माण संस्थांकडे. आठवड्यातून तीन दिवस तरी पालेभाजी शिजवा, आणि शक्य तिथे ती थेट शेतकऱ्याकडून घ्या. आवारात शेवग्याचं एक झाड लावा. घरात जागा नसेल तर खिडकीतल्या कुंडीत मूठभर मेथीदाणे पेरा. महिनाभरात भाजी खुडायला येते.

आज संध्याकाळी घरी जाताना एक जुडी घ्या. ती ओट्यावर ठेवून बाजूला होऊ नका, निवडायला बसा. आणि घरातली बाई दमते असं वाटत असेल, तर या आठवड्यात तिला सोबत घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते 12 च्या खाली असेल, आणि गरोदर असताना 11 च्या खाली, तर उपचार त्याच दिवशी सुरू करायला सांगा.