‘स्ट्राँग राहा’ म्हणण्याआधी ड्युटी-चार्ट बघा

तुमच्या ओळखीत अशी एखादी ताई असेलच. ‘नीट’मध्ये चमकली, क्लासच्या फ्लेक्सवर फोटो लागला, गावात सत्कार झाला. आता ती मोठ्या सरकारी रुग्णालयात एमडी करतेय. दिवाळीला घरी आली नाही. मेसेज टाकला तर तिसऱ्या दिवशी उत्तर येतं, ‘सॉरी रे, ड्युटी संपली आणि सरळ झोपले.’ आपण म्हणतो, डॉक्टर झाली, भाव खायला लागली!

तिच्यासारख्या मुलामुलींचं काय चाललंय, हे २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने ऑनलाइन सर्वेक्षण करून विचारलं. पंचवीस हजारांहून जास्त एमबीबीएसचे आणि पाच हजारांहून जास्त पदव्युत्तर विद्यार्थी बोलते झाले. आयुष्य संपवण्याचे विचार मनात आल्याचं एमबीबीएसच्या १६.२ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं. पदव्युत्तर, म्हणजे निवासी डॉक्टरांमध्ये हे प्रमाण ३१.२ टक्के निघालं. ज्यांना बोलायचं होतं त्यांनीच फॉर्म भरला असेल, असं धरून आकडा थोडा कमी करा हवं तर. तरी तो छोटा होत नाही.

यावर नेहमीचा उपाय काय? योगाचं शिबिर, ‘तणावमुक्त जीवन’वर व्याख्यान, आणि सिनियरचा सल्ला, ‘आम्हीपण केलंय, स्ट्राँग राहा.’ म्हणजे दोष मुलांच्या मनाचा. पण जरा ड्युटी-चार्ट बघू या.

केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिलंय, सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नको आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नको. तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता, तेव्हापासून हा नियम कागदावर आहे. प्रत्यक्षात २४ किंवा ३६ तासांची सलग ड्युटी कुणाला नवी वाटत नाही. कोलकात्यात ९ ऑगस्ट २०२४ रोजी अत्याचार करून जिची हत्या झाली, ती तरुण डॉक्टर अशीच ३६ तासांच्या ड्युटीवर होती. चार घटका पाठ टेकायला ती सेमिनार रूममध्ये गेली होती.

आता गंमत बघा. कृती दलाने शिफारस केली ती आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची. एक सुट्टी धरली तर उरलेले सहा दिवस रोज बारा तासांहून जास्त! बत्तीस वर्षांत ‘वाजवी’ कामाची मर्यादाच दीडपट झाली. आणि तेवढी पाळली गेली तरी अनेक निवासी डॉक्टर खूश होतील, इथवर गोष्ट आलीय.

मग ही मुलं बोलत का नाहीत? कारण सोपं आहे. ज्या सरांकडे तक्रार करायची, त्यांचीच प्रबंधावर सही लागते. एकाने सुट्टी घेतली की त्याचे पेशंट सोबतच्या निवासी डॉक्टरच्या डोक्यावर येतात, त्यामुळे आजारी पडलं तरी अपराधी वाटतं. मानसोपचाराची ओपीडी त्याच इमारतीत, पण तिथे बसलेले डॉक्टर ओळखीचे. केस पेपर काढला तर उद्या कँटीनमध्ये चर्चा होणार नाही कशावरून? नर्सिंगच्या मुलींचंही वेगळं नाही. माणसं कमी पडली की शिकायला आलेली विद्यार्थिनीच वॉर्ड सांभाळते आणि रात्री वसतिगृहात जाऊन असाइनमेंट लिहिते.

‘डॉक्टरांनी कष्ट केलेच पाहिजेत, पेशंट वाऱ्यावर सोडायचे का?’ हा प्रश्न रास्त आहे. पण तिसाव्या तासाला डोळे मिटत असताना औषधाचा डोस लिहिणारा हात तुमच्या आजीच्या केस पेपरवर चालणार आहे, हेही लक्षात ठेवा. भरती करा, पाळ्या लावा, नियम मोडणाऱ्या विभागाला जाब विचारा. मन खंबीर करण्याच्या व्याख्यानापेक्षा हे महाग पडतं, म्हणूनच ते टळतं.

तुम्ही मेडिकल किंवा नर्सिंगला असाल, तर आपल्या ड्युटीचे तास रोज लिहून ठेवा आणि बॅचने मिळून मांडा. एकट्याची कुरकुर ठरते, पण वीस जणांच्या वह्या सहज झटकता येत नाहीत. तुम्ही कॉमर्सला, आर्ट्सला असाल, तर त्या ताईला ‘कधी भेटतेस?’ विचारण्यापेक्षा डबा घेऊन तिच्या हॉस्टेलवर जा. तिच्या बोलण्यात ‘आता नको वाटतं सगळं’ असं आलं, तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, ऐकून घ्या, एकटं सोडू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तुम्हाला स्वतःला गरज वाटली, तरी हाच नंबर लावा.