एक्कावन्नावा स्टोल

भोरला राहून मी वेल्ह्याची भातखाचरं जलरंगात रंगवते, आणि त्या चित्रांवरून कापडाचे पॅटर्न करते. चित्र स्कॅन केलं की डिझाइन तयार, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. राजगडाच्या पायथ्याची खाचरं कागदाच्या चार कडांत पुरी होतात. कापडावर मात्र उजवीकडचा बांध डावीकडच्या बांधाला जाऊन मिळावा लागतो. फोटोशॉपमध्ये ऑफसेट दिलं की कडा मधोमध येतात आणि सांधा उघडा पडतो. तेवढा भाग मी पुन्हा कागदावर रंगवून बसवते, कारण ओल्या रंगाचा ओघळ मला माउसने जमवता येत नाही. मग हाफ ड्रॉप : शेजारचा रकाना अर्ध्या उंचीने खाली सरकवायचा. नाहीतर सगळ्यात गडद खाचर एका रेषेत येतं आणि लांबून आडवे पट्टे दिसतात. एवढं केल्यावर जे उभं राहतं ते दुसरं चित्रच असतं.

कायदाही त्याला वेगळं धरतो, आणि गोम तिथेच आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 15 सांगतं, की नोंदणी करता येण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाइन औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वस्तूंवर उतरलं, की त्यावरचा कॉपीराइट संपला. मूळ चित्रावरचा शाबूत राहतो, पॅटर्नवरचा जातो. मायक्रोफायबर्स या कंपनीच्या खटल्यात सोफ्याच्या कापडाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली हेच सांगितलं.

गिरणीला पन्नास म्हणजे काहीच नाही. डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडे एक्कावन्न स्टोल एका खेपेत छापून होतात, आणि तेवढ्यात एकट्या चित्रकाराचा हक्क जातो. हे अन्यायाचं आहे. स्वतः काढून स्वतः विकणाऱ्या कलावंताला ही मर्यादा लावूच नये. मला जन्मभराचा हक्क नको. 2000च्या डिझाइन कायद्यात नोंदणीनंतर दहा आणि मुदतवाढीची पाच वर्षं मिळतात, तेवढी पुष्कळ झाली.

कायदा बदलेपर्यंत नोंदणीला पर्याय नाही, आणि ती डिझाइन जगापुढे येण्याआधी करावी लागते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुली पॅटर्न जुळला की संध्याकाळी स्टेटसला टाकतात. त्यांचा आनंद मला कळतो, तरी मी थांबवते. आधी अर्ज, मग फोटो.