यंदाचं बोलावणं सगळ्या जणींना

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकवाची धांदल असते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रणं येऊ लागतात आणि त्यातल्या बहुतेकांवर ‘सर्व सुवासिनींनी अगत्याने यावे’ असं असतंच. माझी विनंती या एका ओळीपुरती आहे. यंदा तिथे ‘सर्व जणींनी यावे’ असं लिहू या. ‘सुवासिनींनी’ या शब्दामुळे नवरा गेलेली, नवऱ्याने टाकलेली, घटस्फोट झालेली आणि लग्नच न केलेली अशा कितीतरी जणी सणातून परस्पर वगळल्या जातात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे 2022मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाने केवढं मोठं काम केलं! पण नवरा गेला त्या दिवशी बाईच्या हातातल्या बांगड्या वाचल्या, तरी पुढच्या संक्रांतीला तिला कोण बोलावणार? ते ग्रामसभेत ठरत नाही, तुमच्याआमच्या बैठकीच्या खोलीत ठरतं.

आमच्या नात्यातल्या एका काकूंचा तिळगुळात हात धरणारं कोणी नव्हतं. पाकाचा थेंब पाण्यात टाकून, त्याची गोळी बोटांनी दाबून त्या नेमकं सांगायच्या, ‘आता तीळ घाल.’ हाताला चटके बसत असताना भराभर लाडू वळायच्या. संध्याकाळी बायका जमल्या, अत्तर लावणं आणि गुलाबपाणी शिंपडणं सुरू झालं, की त्या स्वयंपाकघरात कप विसळत उभ्या असायच्या. त्यांना ‘बाहेर येऊ नका’ असं कोणी म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती, कारण ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

परंपरेचं म्हणाल, तर शहाजीराजे 1664मध्ये गेले आणि 1674मध्ये शिवरायांचा राज्याभिषेक झाला. तो सोहळा जिजाऊंनी पाहिला, तेव्हा त्यांना वैधव्य येऊन दहा वर्षं झाली होती. काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे पती तर 1754मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले होते. या दोघींपुढे आपण हात जोडतो. मग शेजारच्या वहिनींची सावली सणावर पडली तर अपशकुन कसा होतो?

अनेक संस्थांनी विधवांसाठी हळदीकुंकवाचे खास कार्यक्रम केले. त्यांनी वाट दाखवली, त्याचं मोल मोठंच आहे. घरात मात्र विधवांची वेगळी पंगत नको. त्याच सतरंजीवर, त्याच वेळी, तेच वाण द्यावं.

हे नाजूकपणे करायला हवं. बोलावणं ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका, दोन दिवस आधी घरी जाऊन सांगा. ‘कुंकू लावलं तर चालेल ना?’ हे तिथेच, एकटीला विचारा. चारचौघींत करंडा पुढे करून तिला पेचात टाकू नका. ती नको म्हणाली, तर आग्रह न करता अत्तर, तिळगूळ, फूल आणि वाण द्या. ज्या बाईने वर्षानुवर्षं मन मारलं, तिला एका संध्याकाळी हो म्हणायला जमेलच असं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा. आणि तिला कुंकू लावताना फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ती पाहुणी म्हणून आली आहे.

‘सासूबाईंना आवडणार नाही’ असं बऱ्याच जणी म्हणतात. पण कित्येक घरांत सासरे हयात नसतात आणि सासूबाई स्वतःच आतल्या खोलीत बसून असतात. तिथे पहिलं कुंकू त्यांना विचारून त्यांनाच लावा. सुनेने हे केलं, तर घरातल्या मुलींना वेगळं काही शिकवावं लागणार नाही.

वाणाची खरेदी करण्याआधी यादी करतोच आपण. यंदा ती करताना आजवर आपल्या मजल्यावरच्या, नात्यातल्या कोणाकोणाला वगळलं, ते आठवा. ती नावं सगळ्यात वर लिहा आणि पहिलं बोलावणं त्यांच्याच घरी द्या.