चोरीलाही पाच हजारांची अट



नवी मुंबईतल्या महापे गावात गुन्हे किती, असे कुणी विचारले तर देशाच्या गुन्हे अहवालात उत्तर नाही. तिथे आकडे राज्याचे, जिल्ह्याचे, आयुक्तालयाचे; गावाचे नाहीत. महापे हे भातशेतीचे गाव. जमीन एमआयडीसीत गेली, १९९२ साली महानगरपालिका आली, ग्रामपंचायत गेली. १९९४ मध्ये पोलीस आयुक्तालय आले. पोलीस वाढले, पण रात्री कोण आले, कोण गेले हे ओळखणारे गाव आणि जाब विचारणारी ग्रामसभा राहिली नाही. ही मोजदाद कुठल्या तक्त्यात बसवणार?

गुन्ह्यांचा दर लाख लोकांमागे काढतात. दोन हजार वस्तीच्या गावात एक चोरी झाली की दर पन्नास. दोन झाल्या की शंभर! मंडळाच्या सरासरीवरून आपल्या शिवाराचे पीक कळत नाही, तसेच हे.

महाप्याची जमीन गेली, आपली अजून आहे. पण आपल्या खळ्यावरची चोरी तरी मोजली जाते का?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. साध्या चोरीत मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल तर गुन्हा अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आता हिशेब करा. २०२४-२५ चा संकरित ज्वारीचा हमीभाव ३३७१ रुपये. म्हणजे सरकारच्याच भावाने खळ्यावरून उचललेले क्विंटलभर ज्वारीचे पोते अदखलपात्र! मध्यम धाग्याच्या कापसाचा भाव ७१२१. क्विंटल गेला तर दखल, अर्धा गेला तर नाही. आधी भाव पाडायचा आणि मग त्याच भावाने आमची चोरी किरकोळ ठरवायची, असा हा दुहेरी मार आहे. दर काढतात तो दखलपात्र गुन्ह्यांचा. तेव्हा पोते गेले तरी कागदावर गाव सुरक्षितच.

शहरातल्या पगारदाराला पाच हजार किरकोळ वाटतील. कोरडवाहू घरात ते वर्षाच्या भाकरीचे धान्य आहे. विहिरीवरची केबल गेली तर केबलच्या किमतीपेक्षा वाळलेल्या पिकाचे नुकसान मोठे असते. ते कोण मोजणार?

म्हणून आमचे म्हणणे असे. चोरी लहान असो की मोठी, तक्रार लेखी द्या, नोंदीची प्रत घ्या. गुन्हा दखलपात्र असेल तर तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लिहा. गावागावात चोरीची वही ठेवा: तारीख, माल, किंमत, बुडालेले पीक. वह्या जिल्हा बैठकीला आणा. शेतमाल आणि शेतीची अवजारे यांच्या चोरीला पाच हजारांची अट नको, ही मागणी त्या वह्यांच्या आधाराने मांडू.

आमची ग्रामसभा अजून शाबूत आहे. तिचा उपयोग आताच करू.