लोखंडाचा दागिना

मी व्हेनिस पाहिलेलं नाही. पाहायची ऐपतही नाही. तरीपण तिथल्या डोजच्या राजवाड्यात ९ सप्टेंबर २०१७ ते ३ जानेवारी २०१८ या काळात जे प्रदर्शन भरलं होतं, त्याच्यावर बोलायचा हक्क मी सोडणार नाही. कारण काचेच्या पेट्यांतला माल इथला होता. 'मोगल आणि महाराजांचा खजिना' असं प्रदर्शनाचं नाव. मालक कतारच्या राजघराण्यातले शेख हमद बिन अब्दुल्ला अल थानी. २७० च्या आसपास वस्तू. १६ व्या शतकापासून थेट आपल्या काळापर्यंत. पॅरिसच्या जार आणि मुंबईच्या भगत या जवाहिऱ्यांनी हल्ली घडवलेले नगसुद्धा त्यात होते. म्हणजे जुना सरंजाम आणि नवा पैसा एकाच मखमलीवर बसलेले.

शेवटच्या दिवशी चोरांनी भरगर्दीत पेटी उघडली. कानातले आणि एक ब्रोच खिशात टाकला आणि लोकांत मिसळून चालते झाले. मग जगभर बोंब. पोलीस आले, पंचनामा झाला, कॅमेऱ्याच्या फिती तपासल्या. ठीक आहे. चोरी ती चोरी. पण बाकीचा माल ज्या मार्गाने राजांच्या गळ्यात आला त्याची फिर्याद कुठल्या ठाण्यात नोंदवायची, ते कोणी सांगत नाही.

गोवळकोंड्याच्या हिऱ्याचं नाव काढलं की श्रीमंतांच्या डोळ्यांत पाणी येतं. १७ व्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी त्या खाणींवर गेला होता. कोल्लूरच्या खाणीत जवळजवळ ६०,००० माणसं राबत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. पुरुष खणायचे, बायका आणि पोरं माती वाहायची. दुसऱ्या एका खाणीतल्या कसबी मजुराला वर्षाला ३ होन मिळत. अंगावर लंगोटीएवढं फडकं, कारण कपड्यात खडा लपवता येतो. पोटासाठी खडा गिळणाऱ्यावर पाळत. हा ताव्हेर्निए काही क्रांतिकारक नव्हता. हिरे विकत घ्यायला आलेला दलाल होता. त्यालासुद्धा ही माणसं दिसली. आजच्या प्रदर्शनवाल्यांना दिसत नाहीत. दागिन्याजवळच्या चिठ्ठीवर कॅरट असतो, साल असतं, राजाचं नाव असतं. खणणारा नसतो. कुंदन बसवणारा, मीना भरणारा कारागीरही बहुतेक बिननावाचाच.

या वस्तू सुंदर नाहीत, असं म्हणणारा खोटं बोलतो. सुंदर आहेत. म्हणूनच हिशेब मागायचा.

आता ती इमारत बघा. नुसता राजवाडा नव्हे तो. सरकार, कोर्ट आणि तुरुंग एकाच छपराखाली. वर शिशाच्या पत्र्याखाली कोठड्या, खाली ओलीत कोठड्या, आणि पलीकडच्या नव्या तुरुंगात कैदी न्यायला एक बंदिस्त पूल. त्याला उसाशांचा पूल म्हणतात, आणि जोडपी आता त्याच्या पार्श्वभूमीवर फोटो काढतात. भिंतीत सिंहाच्या तोंडाच्या फटी, त्यात चुगलीची चिठ्ठी टाकायची. याच राज्याने २९ मार्च १५१६ रोजी ठराव करून शहरातल्या ज्यूंना एका बेटावर कोंडलं. तिथे पूर्वी धातू ओतायचा कारखाना होता. त्याच्या नावावरून घेट्टो हा शब्द जगाला मिळाला, असं बहुतेक मानतात. रात्री दरवाजे बंद. पहारेकऱ्यांचा खर्च ज्यूंनीच द्यायचा. अंगावर पिवळी खूण, पुढे पिवळी टोपी. ते दरवाजे १७९७ साली नेपोलियनची फौज आल्यावर निघाले. आणि याच राज्यात कोणी किती मोती घालायचे याचेही कायदे होते. १६ व्या शतकात वेश्यांना सोनं, रेशीम, मोती यांची मनाई केली होती.

दोस्तांनो, ओळखीचं वाटतं ना?

आपल्याकडे हा कायदा मनूने केला. चांडाळाने मढ्यावरचे कपडे वापरावेत, फुटक्या भांड्यात खावं आणि दागिने लोखंडाचे घालावेत. दागिना घालू नये असं तो म्हणत नाही. लोखंडाचा घालावा म्हणतो! खूण पाहिजे ना. लांबून कळलं पाहिजे.

बाबासाहेबांनी हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. त्याच परिषदेत ते आपल्या बायकांशी बोलले. लुगडं गुडघ्यावर नेसायची रीत टाका, हातभर कथलाचे आणि चांदीचे दागिने टाका, त्यावरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता. घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर नको. आणि पोरींना शिकवा. पंडित लोक याला समाजसुधारणा म्हणतात. मला ती मनूच्या त्या कलमाची दुसरी होळी वाटते.

आणि त्यानंतर काही दिवसांतच, ४ जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियात इंदूर संस्थानातली बातमी आली. बाबासाहेबांनी ती १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणात घेतलीय. कनारिया, बिचोली आणि आसपासच्या पंधराएक गावांतल्या कालोता, राजपूत, ब्राह्मणांनी, पाटील-पटवाऱ्यांसकट, बलाई लोकांना फर्मान काढलं. जरीकाठी पागोटी नाहीत. रंगीत काठाची धोतरं नाहीत. बायकांनी सोन्याचांदीचा दागिना घालायचा नाही. सवर्ण बायकांची बाळंतपणं मात्र बलाई बायकांनी करायची. पटत नसेल तर गाव सोडा. बलाईंनी नकार दिला. मग विहिरी बंद, वाटा बंद, उभ्या पिकांत जनावरं घातली. दरबाराकडे अर्ज केले, वेळेवर काही मिळालं नाही. शेकडो माणसं बायकापोरांसकट बापजाद्यांची घरं टाकून निघून गेली.

याच इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ साली पॅरिसच्या शोमेकडून दोन हिरे घेतले होते. 'इंदूर पेअर्स' म्हणून जगात नाव आहे त्यांचं. दोन मिळून ९३ कॅरटच्या वर. ते फर्मान महाराजांनी काढलं नव्हतं, तुकोजीराव तर १९२६ लाच गादीवरून उतरले होते, हे मला माहीत आहे. पण एकाच संस्थानात एकाच्या गळ्यात ९३ कॅरट आणि दुसरीच्या नाकातल्या चांदीच्या फुलीला बंदी. या दोन गोष्टी वेगवेगळ्या पुस्तकांत छापल्या जातात, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

केरळात १९१५ साली अय्यंकालींच्या लढ्यात पुलया बायकांनी सक्तीच्या खड्यामण्यांच्या माळा गळ्यातून तोडून फेकल्या. त्या माळांचा ढीग कुठल्या राजवाड्यात मांडलाय का कोणी?

आमच्यातले काही कडवे मित्र म्हणतात, दागिना ही बूर्झ्वा चैन, आपल्याला काय घेणंदेणं, आपण भाकरीबद्दल बोलू. अरे, ज्याला घालायला मिळालं त्याने सोडला तर तो त्याग. ज्या बाईला घालूच दिला नाही तिला तू त्याग शिकवणार? दुसरे आमचे पुढारी. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर उभे, गळ्यात दोरखंडासारख्या चेनी. यांनी महाडचं भाषण सोन्यापर्यंत ऐकलं आणि पोरींच्या शाळेचा विषय निघायच्या आत उठून गेले.

शेखसाहेबांनी आपल्या संग्रहातला बराच माल जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात काढला, १० कोटी ९० लाख डॉलर आले. तो खाजगी माल, तिथे आपलं कोण ऐकणार. पण निजामाचे १७३ दागिने भारत सरकारने १९९५ साली २१८ कोटींना विकत घेतलेत. आपल्या पैशाने. २०१९ ला दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते मांडले होते, पुन्हा कधीतरी मांडतील. तेव्हा आपण तिकीट काढून जायचं. सोबत एक पाटी न्यायची, साध्या अक्षरात, पेटीशेजारी लावा म्हणून सांगायचं: खाणीत मजुरी वर्षाला ३ होन. आणि खाली: इंदूर संस्थान, १९२८, बलाई बायकांना सोन्याचांदीची मनाई. साहेब म्हणतील वरून परवानगी नाही. मग अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, आणि पुढच्या रविवारी पन्नास जणांनी पुन्हा तिकिटं काढायची.