बी नसलेले फळ

कंदमुळे वर्ज्य असलेल्या जैन स्वयंपाकघरात पावभाजीतील बटाट्याची जागा कच्चे केळे घेते. त्या केळ्याची आडवी चकती कापली, तर मध्यभागी बारीक काळसर ठिपके दिसतात. न वाढलेल्या बियांच्या त्या खुणा होत. रानकेळात त्याच जागी दगडासारख्या कठीण बिया असतात. बाजारातील केळात गुणसूत्रांचे संच दोनऐवजी तीन असतात. प्रजननपेशी तयार होताना त्यांची समसमान वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. फळ मात्र परागीभवनावाचूनच भरते.

मग बाग वाढते कशी? जमिनीतील कंदाला मुनवे फुटतात. ते खणून दुसरीकडे लावले की नवे झाड उभे राहते. ऊतीसंवर्धनाची रोपे प्रयोगशाळेत तयार होतात, पण तत्त्व तेच. नर आणि मादी पेशींचे मीलन कोठेही नाही. किण्वाच्या पेशीला कळी फुटून दुसरी पेशी व्हावी, तसाच हा अलैंगिक वंशविस्तार आहे.

व्यापाराला ही रीत मानवते. सारा माल एका चवीचा, एका मापाचा, एकाच वेळी पिकणारा! परंतु रोगाच्या दृष्टीनेही ती सारी झाडे एकच असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेच्या बाजारात 'ग्रो मिशेल' या एकाच जातीचे राज्य होते. पनामा रोगाची बुरशी मातीतून मुळांत शिरली, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका तिने बंद केल्या आणि मध्य अमेरिकेतील मळेच्या मळे सोडून द्यावे लागले. ही बुरशी मातीत कित्येक दशके टिकते.

पुढे तिची जागा 'कॅव्हेंडिश'ने घेतली. इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने 1830 च्या दशकात उष्णगृहात वाढवलेल्या केळीवरून हे नाव पडले. जळगावकडील बागांतील 'ग्रँड नैन' याच गटातली. आता त्याच बुरशीचा 'टीआर-4' हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार व उत्तर प्रदेशापर्यंत आलेला आहे. मुनव्याला चिकटलेल्या मातीतूनही तो प्रवास करतो. परगावच्या बागेतून स्वस्तात आणलेला मुनवा म्हणूनच महाग पडू शकतो.

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी चवई ही केळीचीच आप्त. तिला मुनवे फुटत नाहीत. ती केवळ बियांवर जगते. परागकण आणि बीजांड यांच्या संयोगातून आलेले तिचे प्रत्येक रोप भावंडांहून थोडे निराळे असते. एखादा रोग आला, तर त्यांतले काही तग धरण्याचा संभव राहतो.

बागेतल्या केळीला हा संभव मिळवून देणे अतिशय कष्टाचे काम आहे. होंडुरासमधील संशोधकांनी केळफुलांवर हाताने पराग घातले, घड पिकू दिले आणि ढीगभर केळांचा गर चाळणीतून गाळून त्यात चुकून धरलेली एखाददुसरी बी शोधली. अशा बियांतूनच पनामा रोगाच्या जुन्या प्रकारास दाद न देणारी 'गोल्डफिंगर' ही जात निघाली.