टाकीत दगड किती किलो?

घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय लावणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दगड किती टाकायचा? उत्तरही ठरलेले असते. एका गॅलनला एक पौंड, म्हणजे लिटरमागे साधारण १२० ग्रॅम. दोनशे लिटरच्या टाकीला २४ किलो. माझ्या मते हा हिशेबच चुकीच्या काट्यावर मांडलेला आहे.

दगड तिथे केवळ शोभेसाठी नसतो. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना मारतो. दगडावर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंना जागा हवी असते, वजन नव्हे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण २४ किलो टाकला तरी त्यात छिद्रे जवळजवळ नसतात. सच्छिद्र दगड त्याच्या निम्म्या वजनातही पुरतो, कारण वाळूत आणि फिल्टरमध्येही हेच जिवाणू राहतात. दुकानदाराला हे पटणार नाही, तो दगड किलोवर विकतो. उलट दगडांची भिंत रचली की तिच्यामागे पाणी फिरत नाही, घाण साचते आणि ती काढायला हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो.

इथून पुढचा विषय माझ्या ओपीडीचा. बोटावर बरी न होणारी गाठ, मग मनगटाच्या दिशेने ओळीने आणखी दोन-तीन. टाकीतल्या पाण्यात, अगदी गोड्या पाण्यातही, क्षयाच्या जंतूचा एक नातलग राहतो: मायकोबॅक्टेरियम मरिनम. दगडाने खरचटलेल्या कातडीतून तो आत शिरतो. नेहमीच्या प्रतिजैविकांना सहसा दाद देत नाही, आणि उपचार काही महिने चालतात. तो ३० अंशांच्या आसपास चांगला वाढतो, त्यामुळे प्रयोगशाळेला आधी कल्पना दिली नाही तर तपासणीत निसटू शकतो. ‘घरी माशांची टाकी आहे का?’ हे आम्ही डॉक्टर विचारतच नाही. ही चूक आमची.

समुद्रातून आणलेल्या ‘जिवंत’ दगडाचा धोका याहून मोठा. त्यावर कधीकधी झोअँथिड नावाचे फुलांसारखे दिसणारे जीव चिकटून येतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ते काढण्यासाठी दगड उकळला किंवा घासला की विष वाफेतून, तुषारांतून छातीत जाते. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकी साफ करताना असे घडले आणि कुटुंबातल्या सहा जणांसह मदतीला आलेल्या चार अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले. या विषावर उतारा नाही. तेव्हा दगड उकळून ‘निर्जंतुक’ करण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका.

शिवाय दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. प्रवाळ-खडकाचा तुकडा विकणे गुन्हा आहे, मग तो मन्नारच्या आखातातला असो वा मालवणच्या समुद्रातला.

मग करावे काय? कृत्रिम सच्छिद्र सिरॅमिकचा कोरडा दगड घ्यावा, दोनशे लिटरला दहा-बारा किलो, मोकळा रचलेला. चार ते सहा आठवडे थांबावे, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की दोन मासे सोडावेत. हातमोजे घालावेत. आणि बोटावरची गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, तर डॉक्टरांना टाकीबद्दल आपणहून सांगावे.